भरलेला परत येणारा डबा: पहिलीतल्या एका मुलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

रेवा (नाव बदललं आहे) पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला राहते. जून २०२४ मध्ये ती पहिलीत गेली तेव्हा नुकतीच सहा वर्षांची झाली होती. आई बँकेत, बाबा चाकणच्या एका कारखान्यात पाळीने कामाला, घरात आजी. शाळा मराठी माध्यमाची, सेमी इंग्रजी.

बालवाडी तीन तासांची असायची, त्यामुळे एक लाडू किंवा चार शंकरपाळे दिले की भागायचं. पहिलीची शाळा मात्र नऊ ते अडीच. त्याच वर्षापासून राज्यात चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय लागू झाला. पूर्वीसारखी सातची शाळा असती तर रेवा दुपारचं जेवण घरीच जेवली असती आणि हा प्रश्न इतक्या जोरात उभाच राहिला नसता. झोपेचा फायदा झाला तो खराच, पण जेवण शाळेत गेलं.

व्हॅन सव्वाआठला येते. छोटी सुट्टी १०:४० ला, पंधरा मिनिटांची. मोठी १२:३० ला, पंचवीस मिनिटांची. शाळेने पालकांना लिहून दिलं होतं: छोट्या सुट्टीला फळ किंवा कोरडा खाऊ, मोठ्या सुट्टीला पोळी-भाजी, पाकीटबंद काहीही नको, अंडी-मासे नकोत.

अडचण

छोटा डबा बहुतेक रिकामा यायचा आणि मोठा जसाच्या तसा. तीन वाजता घरी आल्यावर रेवा बिस्किटांचा पुडा मागायची, मग चारला आजीच्या हातून वरणभात, आणि रात्री 'भूक नाही'.

आईने जुलैभर बरंच करून पाहिलं. साडेपाचला उठून ताजी भाजी, मोबाइलवर बघून गाजराची फुलं, पोळीतून कापलेले ससे. ससे परत आले. मग एके दिवशी कंटाळून जॅम-ब्रेड दिला. तो संपला. पुढच्या आठवड्यात नूडल्स दिल्या, त्याही संपल्या, आणि डायरीत बाईंची सूचना आली. घरात तीन मतं झाली. आजी म्हणाल्या, "दोन दिवस उपाशी राहिली की आपोआप खाईल." बाबा म्हणाले, "खातेय ते देऊ या ना, शाळेशी मी बोलतो." आईला वाटत होतं की मुलीला प्रोटीन मिळत नाहीये आणि तिची वाढ खुंटणार. ती माझ्याकडे सल्ल्याला आली ती हे तिसरं मत घेऊन.

आधी ही भीती तपासली. बालरोगतज्ज्ञांकडच्या तक्त्यावर रेवाच्या वजनाची रेघ तिच्या नेहमीच्या वाटेने चालली होती, कुठे खाली वळलेली नव्हती. हिमोग्लोबिन मात्र ११.१ निघालं. ५ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ११.५ आहे, म्हणजे सौम्य रक्तक्षय. हे अपवादात्मक नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयाची आढळली होती. डॉक्टरांनी लोहाचं औषध सुरू केलं. ते काम त्यांचं. डब्याच्या जोरावर हिमोग्लोबिन वर आणायचं, असं आम्ही ठरवलं नाही.

प्रोटीनचा हिशेब आईसमोर मांडला. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ४ ते ६ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १३६० किलोकॅलरी आणि १६ ग्रॅम प्रोटीन लागतं. ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीतूनच सुमारे ३ ग्रॅम प्रोटीन मिळतं. दोन पोळ्या, अर्धी वाटी उसळ आणि पेलाभर दूध झालं की सोळा ग्रॅमची मजल जवळपास गाठली जाते. दोन्ही डबे मिळून दिवसाच्या एक तृतीयांश, म्हणजे साडेचारशे किलोकॅलरी पोटात गेल्या तरी पुरे. आई तीन मोठ्या पोळ्या, भाजी आणि वर लाडू देत होती. मोठ्या माणसाने वीस मिनिटांत खावं इतकं ते होतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सजावटीचा. जपानमध्ये अन्नाला प्राण्यांचे चेहरे देऊन डबा भरायची मोठी परंपरा आहे आणि ती चित्रं आता आपल्याकडच्या आयांच्याही मोबाइलवर असतात. दिसायला गोड, पण कापलेल्या पोळीच्या कडा लवकर वाळतात आणि सकाळची तीस मिनिटं जातात. शिवाय रेवाच्या बाबतीत तो प्रयोग होऊन गेला होता.

दुसरा, जॅम-ब्रेड आणि नूडल्ससाठी शाळेकडे सवलत मागायची. बाबांचा कल इकडे होता. डबा रिकामा आला असता हे नक्की. पण मुलगी पोळी का खात नाही हे कधीच कळलं नसतं, आणि बाईंनी एकीला सवलत दिली की उद्या चाळीस जण मागणार.

तिसरा आजींचा: तेच देत राहायचं. यात तथ्य अगदी नाही असं नाही. नवा पदार्थ लहान मुलं पुन्हा पुन्हा समोर आल्यावरच स्वीकारतात, कधी दहा-पंधरा वेळा बघितल्यावर. पण पोळी-भाजी रेवाला नवी नव्हती. घरी ती रोज खात होती. मग शाळेत का नाही?

बाईंनी शेजारी बसून भरवावं, असं आईने एकदा सुचवलं. चाळीस मुलांच्या वर्गात ते शक्य नव्हतं आणि योग्यही नव्हतं.

आम्ही ठरवलं की आठवडाभर पदार्थ बदलायचेच नाहीत. आधी मोठ्या सुट्टीत काय होतं ते बघायचं. आईला हे पटायला वेळ लागला, कारण ती उपाय मागायला आली होती आणि तिला सांगितलं जात होतं की अजून एक आठवडा डबा भरलेला येऊ द्या. निर्णयाची पहिली कठीण जागा ही होती.

मधल्या सुट्टीत काय होत होतं

बाईंनी मन लावून पाहिलं. त्यांचं निरीक्षण आणि घरी केलेली चाचपणी यांतून जे निघालं त्यातल्या फार थोड्या गोष्टींचा चवीशी संबंध होता.

सगळ्यात आधी झाकण. मोठा डबा नवा होता, चारही बाजूंनी कड्या आणि आत रबराची कड. सांडत नाही म्हणून घेतलेला. गरम अन्न भरून लगेच बंद केलं की आतली हवा आणि वाफ थंड होताना दाब कमी होतो आणि झाकण आत ओढलं जातं. सकाळी आईच्या हाताने सहज लागणारं झाकण साडेबाराला रेवाच्या बोटांनी निघतच नव्हतं. ती दोन कड्या उघडायची, तिसरीशी झटापट करायची आणि डबा परत दप्तरात ठेवायची. बाईंना सांगायला लाजायची. जॅम-ब्रेड आणि नूडल्स का संपल्या याचं निम्मं उत्तर इथेच मिळालं: त्या दिवशी घाईत जुना, साध्या झाकणाचा डबा दिला होता.

दुसरी गोष्ट वेळ. पंचवीस मिनिटांच्या सुट्टीत हात धुवायची रांग, मग सगळे बसेपर्यंत थांबणं, मग श्लोक. घास तोंडात जायला बारा-तेरा मिनिटं उरायची, आणि त्यातही शेजारणीशी बोलणं असतंच. ते असावंही.

तिसरी गोष्ट ओल. तव्यावरची पोळी सरळ फॉइलमध्ये गुंडाळली जायची. वाफेने ती आतून चिकट आणि कडेने चिवट व्हायची. वर भाजीचं पाणी. फ्लॉवरच्या भाजीचा डबा उघडल्यावर शेजारचा मुलगा 'ई, वास' म्हणाला होता. फ्लॉवर आणि कोबीत गंधकाची संयुगं असतात, बंद डब्यात चार तास कोंडल्यावर तो वास येतोच. सहा वर्षांच्या मुलीला तो एक शब्द पुरला.

दात हे कारण उशिरा कळलं. खालचे पुढचे दोन दात हलत होते. या वयात ते पडतातच, पण चिवट पोळी आणि सफरचंदाची फोड यांना चावताना दुखतं हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. विचारल्यावर पटकन म्हणाली, "हलतो ना तो!"

आणि शेवटचं, ज्यावर सगळे गप्प झाले: रेवाला पोळीचा तुकडा मोडून, त्यात भाजी धरून, तोंडात घालायची सवयच नव्हती. घरी दुपारी आणि रात्री आजी भरवत होत्या, समोर टीव्ही. ती 'घरी पोळी-भाजी खाते' याचा अर्थ तोंड उघडते एवढाच होता.

आजींना कोण सांगणार

इथे दुसरी कठीण जागा आली. भरवणं थांबवायला हवं होतं, पण आजींसाठी तो दिवसातला नातीचा वेळ होता. सुनेने सांगितलं असतं तर त्याची तक्रार झाली असती. मी सांगावं असं आईचं म्हणणं होतं. मला ते बरोबर वाटलं नाही: बाहेरच्या बाईने येऊन घरच्या मोठ्या माणसाला शिकवायचं आणि निघून जायचं, मग त्याचे पडसाद सुनेने झेलायचे. शेवटी बाबांनी आपल्या आईशी बोलावं असं ठरलं. त्यांनी 'भरवू नकोस' असं म्हटलंच नाही. म्हणाले, "आई, तिला शाळेत हाताने खाता येत नाहीये. तूच शिकव. तुझ्याशिवाय ती कुणाचं ऐकत नाही."

त्याने बरंच साधलं. आजींनी टीव्ही बंद केला, रेवासमोर ताट मांडलं आणि स्वतःचंही घेऊन बसल्या. पहिल्या आठवड्यात जमिनीवर ताटापेक्षा जास्त भाजी होती. रात्री एखादा घास अजूनही भरवला जायचा, त्याकडे सगळ्यांनी कानाडोळा केला.

काय केलं

डबा बदलला. दाबून बसणारं झाकण, बाहेर बोट अडकवायला कड, आत भाजीसाठी सुटी वाटी, स्टीलचा. दुकानात रेवाने स्वतः उघडून-लावून दाखवला तोच घेतला. तिने निवडलेला डबा दिसायला साधाच होता.

मग आईने एक चांगली गोष्ट केली. रेवाला जे देई तेच स्वतःच्या डब्यात भरून बँकेत नेई आणि साडेबाराला उघडे. सव्वाआठच्या आत भरलेलं अन्न तोवर कसं होतं, हे तिने तोपर्यंत पाहिलेलंच नव्हतं. उपमा वडीसारखा थिजला होता, टोमॅटोचं सँडविच भिजून लगदा, सफरचंद तपकिरी. हे तिन्ही यादीतून गेले. कोणाही पालकाने एकदा तरी हे करावं असं मला वाटतं. कितीही पाककृती वाचल्या तरी हे असं कळत नाही.

टिकलेल्या पदार्थांत नवं काही नव्हतं. दुधात मळलेली दशमी, जी आपल्याकडे प्रवासाला न्यायची पद्धत आहे ती याचसाठी: गार झाली तरी मऊ राहते, हलणाऱ्या दाताला सोसते. पुरीएवढी छोटी थालीपिठं, भाजणीत डाळी असतातच. मेथीच्या किंवा पालकाच्या पुऱ्या. मुगाच्या डाळीचं धिरडं गुंडाळून. तूप आणि शेंगदाण्याची चटणी लावलेली पोळीची गुंडाळी, तीन तुकडे करून, म्हणजे मोडायची कटकट नाही. मटकीची कोरडी उसळ वर लिंबू पिळून, कारण क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातलं लोह शरीरात जास्त शोषलं जातं. छोट्या डब्यात वेलची केळं, सोललेल्या मोसंबीच्या फोडी, डाळिंबाचे दाणे, गुळपापडीची एखादी वडी. द्राक्षं दिली तर उभी चिरून. पळत खाणाऱ्या मुलाच्या घशात अख्खं द्राक्ष अडकू शकतं.

पोळी तव्यावरून उतरली की जाळीवर पाच-सात मिनिटं, मग सुती फडक्यात. हे आजींना ठाऊक होतंच. त्या म्हणाल्या, "फॉइल आलं कुठून मला कळलंच नाही." भाजी कोरडी होईपर्यंत परतलेली, आणि तीही निवल्यावर भरलेली.

ओलं आणि नाशवंत मात्र पूर्ण वगळलं. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे जितका वेळ राहतं तितके जंतू वाढतात, आणि कोमट अन्नाचा बंद डबा नेमका त्याच पट्ट्यात असतो. म्हणून ओल्या नारळाची चटणी नाही. आदल्या रात्रीचा भात फोडणी देऊन डब्यात घालायची सवय होती तीही सोडली. बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि बाहेर राहिलेल्या भातात ते विष तयार करतात, जे पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. घरी लगेच खायचा असेल तर ताज्या भाताला फोडणी द्यावी, बिघडत नाही.

शाळेशी बोलणं हा तिसरा निर्णय. सवलत मागायची नाही, नियमाचा अर्थ विचारायचा असं ठरलं. 'पोळी-भाजी' म्हणजे पोळी आणि भाजी वेगवेगळीच हवी का? बाई म्हणाल्या, "गुंडाळी चालेल, थालीपीठ चालेल. आतमध्ये चॉकलेट लावून आणू नका म्हणजे झालं." दोन मिनिटांत सुटला तो प्रश्न, ज्यावर घरात महिनाभर वाद चालू होता. बाईंनी स्वतःहून आणखी एक केलं: हात धुवायला अर्धा वर्ग सुट्टीच्या पाच मिनिटं आधी सोडायला सुरुवात केली. त्याचा फायदा चाळीस मुलांना झाला.

घरी दोन गोष्टी पाळायच्या होत्या. संध्याकाळी रेवाला विचारायचं, "उद्या मेथीच्या पुऱ्या की थालीपीठ?" दोनातूनच निवड. 'काय देऊ?' असं मोकळं विचारलं की उत्तर नूडल्स हेच येणार. आणि व्हॅनमधून उतरल्या उतरल्या डबा तपासायचा नाही. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी ही वाटणी फार सोपी मांडली आहे: काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं आणि खायचं की नाही हे मुलाने. दुसरा भाग आईला सगळ्यात जड गेला. ती डबा उघडून बघायची, फक्त रेवासमोर नाही. एवढं ठीक आहे.

काय झालं

झाकण बदलल्याच्या आठवड्यातच फरक दिसला. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मोठा डबा बहुतेक दिवशी निम्म्याहून जास्त संपलेला येत होता. काही दिवस भरलेलाही आला: खेळाच्या तासानंतर, मैत्रिणीशी भांडण झालं त्या दिवशी, दात पडला त्या दिवशी. दीड पोळीची गुंडाळी आणि उसळ यावर दुपारचं भागतं हे आईने स्वीकारलं. घरी आल्यावरची बिस्किटं कमी झाली, पूर्ण गेली नाहीत.

डिसेंबरमध्ये हिमोग्लोबिन ११.९ झालं. तोवर औषध सुरूच होतं, त्यामुळे त्याचं श्रेय डब्याला देता येत नाही.

आई आता सहाला उठते. कणीक आणि चिरलेली भाजी रात्रीच फ्रीजमध्ये असते.

एक नवी अडचण मात्र तयार झाली. रेवाला आता घरीही पोळी गुंडाळूनच लागते. ताटात पोळी आणि बाजूला भाजी दिली की 'मला रोल कर'. शाळेसाठी काढलेली सोय घरात नियम होऊन बसली. रविवारी ताटात सुटी पोळी-भाजी असं त्यांनी ठरवलं आहे, आणि तेवढंच कसंबसं जमतं. फ्लॉवर अजून डब्यात जात नाही. घरी खाते, हात लावून.

वेगळं काय करता आलं असतं

डबा जूनमध्ये विकत घेतानाच रेवाच्या हातात द्यायला हवा होता. जून-जुलैचे दोन महिने त्यातच गेले. पहिलीच्या वर्गशिक्षकांनी पालकसभेत एवढी एकच गोष्ट सांगितली तरी बऱ्याच घरांचा त्रास वाचेल: शाळा सुरू व्हायच्या आधी आठवडाभर मुलाला घरी, जमिनीवर बसवून, त्याच्याच डब्यातून, आपल्या आपण जेवू द्या. झाकण, हात, वेळ, तिन्हींची परीक्षा होते.

रेवाला थेट 'का खात नाहीस?' असं विचारून काही हाती लागलं नव्हतं. 'आवडत नाही' एवढंच यायचं. बाहुल्यांची शाळा मांडल्यावर तिची बाहुली 'डबा उघडत नाही' म्हणाली. हा खेळ पहिल्या आठवड्यात खेळला असता तर बाईंना इतकं निरीक्षण करावं लागलं नसतं.

आईने काही दिवस डबा जाताना आणि येताना वजनकाट्यावर ठेवून वहीत आकडे लिहिले होते. पहिले तीन-चार दिवस ते उपयोगी होतं. त्यानंतर आकडा वाईट आला की तिची संध्याकाळ वाईट जायची आणि ते रेवाला कळायचं. वही लवकर बंद करायला हवी होती.

अंड्याचा मुद्दा सुटला नाही. हे कुटुंब अंडी खातं आणि सहा वर्षांच्या मुलीच्या डब्यात उकडलेल्या अंड्याइतकी सोपी, मऊ, पोटभरीची वस्तू दुसरी नाही. शाळेचा नियम इतर मुलांच्या घरांचा विचार करून केलेला आहे, तोही समजण्यासारखा आहे. आईला त्यावर वाद घालायचा नव्हता. अंडं सकाळच्या न्याहारीत गेलं, शाळेला निघायच्या आधी, आणि त्यामुळे साडेबाराच्या डब्यावरचा भारही थोडा हलका झाला.